बॉनेटवर उमटलेलं स्वस्तिक

हसायचं तर हसा, पण गावभर करू नका. अजूनही आठवलं की मी पदरात तोंड लपवते हो!

आमच्याकडे सासऱ्यांची जुनी अँबेसेडर आहे. ते गेल्यापासून ती टिनाच्या शेडमध्ये पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता! आमच्या रूपालीचं लग्न ठरलं आणि ह्यांनी जाहीर करून टाकलं, "पोट्टी सासरी जाईन, तं आबाच्या गाडीतच जाईन."

झालं! घराचं गॅरेज झालं. माझ्या परातीत नटबोल्ट डिझेल पीत होते, आणि कार्बोरेटर वाळत होता पापडांच्या शेजारी. आमच्या देवळीत मिळेना ते सामान हे नागपूरहून शोधून आणत. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं, त्या दिवशी ह्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, डोळ्यांत धूर गेला. एवढा गोड धूर मी कधी पाहिला नव्हता.

राहिला फक्त रंग. पत्र्यावर राखाडी प्रायमर मारून झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून बबनभाऊ पेंटर पांढरा रंग मारायला येणार होते. हे रंग आणायला निघाले आणि जाताना मला बजावून गेले, "प्रायमरले बोट लावजो नको, बरं का!"

"पूजा तं करू द्या आधी."

"तयार झाल्यावर कर ना! काहाले घाई करतं?"

आता तुम्हीच सांगा, शुभकार्यातलं काम, तेही लेकीचं, पूजेशिवाय सुरू करतात का? ह्यांची पाठ वळली, तशी मी तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटवर चांगलं मोठं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली, हात जोडले, जीव शांत झाला.

आणि मग जीव घाबरला! हे आले आणि त्यांनी पाहिलं तर? पदराने पुसलं. फिक्कट गुलाबी राहिलंच. चुलीतली राख चोळली. राखाडीत राखाडी मिसळली! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की चहा दोनदा घेतला.

सकाळी बबनभाऊंनी फडकं फिरवलं, कॉम्प्रेसर लावला आणि फुर्रर्र! गाडी दुधासारखी पांढरी झाली. हे तर नवरदेवासारखे मिरवत होते.

थोड्या वेळाने बबनभाऊंची किंकाळी आली, "भाऊ! ओ भाऊ! हे काय होऊन राह्यलं?"

आम्ही धावलो. पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर, आतून, हळूहळू लाल स्वस्तिक वर येत होतं!

खरं सांगते, मीसुद्धा हात जोडले. अंगावर सर्रकन काटा आला. देव आला, माझ्या दारी आला! आणि मग आठवलं... अगं बाई, देव कुठला, ही तर तूच, आणि हे तुझंच तेलातलं कुंकू!

तोंड उघडणार, तोच बबनभाऊंनी पायातल्या चपला काढल्या. "भाऊ, आता म्या हात नाई लावत. देवावर रंग मारू काय?"

"अरे, लग्न चार दिवसांवर आलं! दुसरा हात मार."

त्यांनी डोळे मिटून मारला. स्वस्तिक पुन्हा वर! या वेळी जास्तच लाल. बबनभाऊंनी पंप खाली ठेवला, तो ठेवलाच.

शेजारच्या शोभावहिनी कुंपणातून पाहत होत्या. मग काय विचारता! बघता बघता अंगण भरलं. कोणी उदबत्ती लावली, कोणी ओल्या रंगावर फुलं चिकटवली. शोभावहिनी तर नारळ घेऊन नव्या चकचकीत बंपरकडे निघाल्या!

"वहिनी, तिथं नोका फोडू!" हे ओरडले.

"अहो, देवाचं हाये! काऊन अडवता?"

हे कपाळाला हात लावून शेडच्या खांबाला टेकले. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि पोरीला सासरी न्यायला आता भाड्याची गाडी! ते मला म्हणाले, "देवाले माह्याच गाडीत काय दिसलं वो?"

बोलावं तर ह्यांचा राग, न बोलावं तर गाडी गेली. "अहो, ते... म्हणजे... काल..." एवढंच निघालं.

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या. गर्दी बाजूला झाली. त्यांनी चष्मा नीट केला, बॉनेटवर वाकल्या, बराच वेळ पाहिलं. आता ह्या डोकं टेकवतात, असंच सगळ्यांना वाटलं.

"हा सातिया देवानं नाई काढला," सासूबाई काठीने स्वस्तिक दाखवत म्हणाल्या. "देव उलटा सातिया काढते काय? ह्या घरात उलटा सातिया एकच जण काढते. लग्न होऊन आली तवापासून सांगून राह्यली, अवं, पाय दुसऱ्या बाजूनं वळव!"

अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. धरणी दुभंगायची तर तीही दुभंगेना!

मी सगळं सांगितलं. तेल, कुंकू, राखसुद्धा. बबनभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी चटकन चपला घातल्या. "हात्तिच्या! वहिनी हाये काय? मले वाटलं देव!" आणि पॉलिश पेपर घेऊन असे खरवडायला बसले, की देवाला भिणारा हा माणूस मला तिळभर भ्यायला नाही. बॉनेट पार पत्र्यापर्यंत उघडं केलं, तेल काढलं, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. ह्यांनी तेलाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.

पण गाडी झाली हो वेळेवर! मांडवासमोर उभी राहिली, तेव्हा व्याही नवऱ्या मुलाला सोडून गाडीसोबतच फोटो काढत होते.

निरोपाची वेळ आली. रूपाली माझ्या गळ्यात पडली. मी रडत रडत गाडीला टेकले. पोरीने हुंदका आवरला, माझ्या कानाशी तोंड आणलं. मला वाटलं, म्हणेल, आई, काळजी घेजो.

ती म्हणाली, "आई, रड तू पाहिजे तेवढी. फक्त बॉनेटवरचा हात काढ!"