लग्नाची कॅसेट आणि सुक्या बोंबलांचा डबा

आईने माझ्या लग्नाची कॅसेट सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवली होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आमच्याकडे मांजर का आली ते कुणी विचारायला नको. माझ्या माहेरी, सातपाटीच्या घरात, खारा वारा सगळं खातो. कपाटाच्या बिजागऱ्या खातो, पंख्याची पाती खातो. आईच्या मते घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ही एकच जागा कोरडी. तिथे तिने बोंबील ठेवले, आणि बोंबलांवर प्लॅस्टिकच्या पिशवीत लेकीचं लग्न.

ती कॅसेट घेऊन आई आमच्या बोईसरच्या फ्लॅटवर आली ती बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. होड्या बंद होत्या, बाजार थंड होता. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "फोटो हाय त्याचा भिंतीवर. चष्मा लावून बघते. पण आवाज जातोय माझ्या डोक्यातून. आधी सकाळी सकाळी ऐकू यायचा, आता येत नाय."

आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दुःख झालं की मासे साफ करायला बसतात. मी चहा टाकला.

बाबांचा आवाज कुठेच नव्हता. मोबाईल होता, पण होडी किनाऱ्याला लागली की त्यावर ते "पोचलो" एवढंच ओरडायचे आणि समोरचं माणूस बोलायच्या आत बंद करायचे. उरली ती कॅसेट. "तुझ्या लग्नात सगळा वेळ बोलत होता तो," आई म्हणाली. ते खरंच होतं. माझ्या लग्नात बँडपेक्षा बाबा जास्त वाजले होते. आईचं म्हणणं एवढंच, की ते सगळं डिस्कवर घालून दे, तिच्या घरी डिस्कचा प्लेअर आहे, ती रोज लावेल.

आता आमचे हे. तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत. म्हणजे घरात कुठलीही वायर दिसली की आम्ही बाजूला व्हायचं, असा नियम. माळ्यावरून आमचा जुना व्हीसीआर काढला, एका मित्राकडून डिस्कवर रेकॉर्ड करणारं यंत्र आणलं आणि लुंगी खोचून टीव्हीच्या मागे शिरले. पिवळी, पांढरी, लाल, अशा वायरींचा गुंता घेऊन तासभर तिथेच. मी म्हटलं, "अहो, पिवळं पिवळ्यात घालायचं असतं ना?"

"कंपनीत मी एवढी मोठी पॅनेलं जोडतो," आतून आवाज आला.

"कंपनीत तुमच्या हाताखाली चार माणसं असतात."

 मग बाहेर येऊन त्यांनी कॅसेट सारली, दोन्ही यंत्रांची बटणं दाबली आणि टीव्ही बंद केला. का, तर कॉपी होताना बघायचं नसतं, लोड येतो. आई बिचारी मान हलवत बसली. जावई शिकलेला, कंपनीतला. तिघं जण तीन तास काळ्या टीव्हीसमोर बसलो, एखाद्याच्या ऑपरेशनला बाहेर बसतात तसे. व्हीसीआर तापला तसा खोलीभर बोंबलांचा वास सुटला, आणि शेजारच्यांची मांजर खिडकीतून येऊन व्हीसीआरसमोर दबा धरून बसली. आत काहीतरी आहे यावर त्या घरात फक्त तिचाच पूर्ण विश्वास होता.

डिस्क लावली. डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर लागू नये म्हणून घालायच्या लॉकेटची जाहिरात होती. एक बाई हिंदीतून रडून सांगत होती की हे लॉकेट घातल्यापासून तिच्या दिराचा धंदा चालला. यांनी यंत्राला केबलही जोडली होती आणि व्हीसीआरही, पण घ्यायचं कुठून ते सांगितलंच नव्हतं. त्यामुळे त्याने निमूटपणे केबलवर जे चालू होतं ते उतरवून घेतलं.

"ही कोण?" आईने विचारलं. "तुमच्याकडची का?"

यांचं गाव मनोरकडचं, आणि तिकडचे सगळेच नातेवाईक आईला अजून पाठ नव्हते. मला हसू आवरेना. हे मात्र पुन्हा टीव्हीच्या मागे गेले.

दुसऱ्या दिवशी सूत्रं मी हातात घेतली. पिवळं पिवळ्यात, पांढरं पांढऱ्यात, लाल लालमध्ये, आणि टीव्ही चालू. लोड आला तर येऊ दे, म्हटलं. यांना मी रिमोट दिला आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच दाबायचं. मांजर आधीच येऊन बसली होती.

आणि चित्र आलं! थोडं थरथरत होतं, वर एक पांढरी रेघ नाचत होती, पण आमचंच अंगण, आमचाच मांडव. एका बदामात मी, दुसऱ्या बदामात हे, आणि दोन्ही बदाम गरगर फिरत एकमेकांवर आदळले. मग बाबा आले. नवा पांढरा शर्ट, हात वर, तोंड चालू.

आणि त्या तोंडातून सिनेमाचं गाणं.

दुसरं दृश्य, दुसरं गाणं. हळद, गाणं. पंगत, गाणं. शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा खरा आवाज पुसून त्यावर गाणी चढवली होती. तेव्हा तशीच पद्धत होती, आणि गाणी भरपूर टाक असं त्याला सांगणारे आमचे बाबाच होते. कॅसेट आली तेव्हा अख्ख्या आळीने ती आमच्या ओटीवर पाहिली होती. जो तो "हा बघा मी" म्हणून ओरडत होता, आणि बाबा टीव्हीला टेकून प्रत्येक दृश्याला आपण काय बोललो ते सांगत होते. आईच्या डोक्यात राहिलं ते हे, की कॅसेट बोलते.

एखाद्या वायरीत तरी खरा आवाज असेल म्हणून यांनी पांढरी वायर उपसली. गाणं. लाल उपसली, पांढरी घातली. तेच गाणं, दुसऱ्या बाजूने. "राहू द्या आता," मी ओरडले. मला यांचा राग नव्हता आला. आईकडे बघवत नव्हतं. ती पदर हातात घेऊन नुसती बाबांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला वाटलं, का आणली आपण ही ब्याद, होतं ते तरी तिच्या डोक्यात राहिलं असतं.

"ते गाणं बंद करा," आई म्हणाली. "आणि मागं घ्या जरा."

यांनी टीव्हीचा आवाज घालवला. कॅसेट मागे गेली, यंत्राने ते मागे जाणंही इमानेइतबारे डिस्कवर उतरवलं, आणि बाबा पुन्हा पंगतीत आले.

"आचाऱ्याला सांगतोय," आई म्हणाली, "डाळीत पाणी टाकलंस, का पाण्यात डाळ टाकायची ऱ्हायली?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय बघतेस? होडी लांब उभी, मशीन धडधडतंय, वारा उलटा. तो तिकडून तोंड हलवणार आणि आमी किनाऱ्यावरून समजून घेणार, पापलेट हाय का घोळ हाय, टोपल्या किती, बर्फ किती. उलटं समजलं तर घरी येऊन बोंबलायचा. सगळ्या बायका बघतात तोंडं."

मग आई सुटलीच. मंगलाष्टकं चालू असताना बाबा भटजींच्या कानाशी लागले होते ते आशीर्वादासाठी नव्हे. "आटपा भटजी, भरती लागलीय, माझी माणसं जायची हायत." माझ्या सासऱ्यांपुढे हात जोडून अगदी नम्र उभे होते, ते विचारत होते की तुमच्या गावात ताजी मासळी येते तरी का, का पोरीला नुसत्या भाजीवर ठेवणार. आणि यांच्याकडे बोट करून कुणाला तरी म्हणत होते, "पोरगा बरा हाय. जरा लुकडा हाय, पण होईल." हे रिमोट खाली ठेवून ताठ बसले. त्यांचं पोट आता मांडीवर येतं, बाबांचा अंदाज काही चुकला नव्हता.

पाठवणी आली. मी आईच्या गळ्यात, आत्या रडतायत, शेजारणी रडतायत. आणि बाबा? बाबा गाडीच्या पुढच्या खिडकीत डोकं घालून ड्रायव्हरशी गप्पा मारतायत. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि नंतरही लागत राहिलं. साऱ्या जगाचे बाप मुलीला जवळ घेऊन रडतात, माझ्या बापाला ड्रायव्हर सापडला. इतकी वर्षं मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. यांना म्हटलं, "पुढे घ्या, यात काही नाही."

"थांबा," आई म्हणाली. पुढे वाकली. आणि बोलायला लागली.

"सावकाश ने रे. मनोरच्या वळणांवर तिला मळमळतं. पुढं बसव तिला, काच खाली ठेव. मधी एकदा गाडी थांबव, पाणी पाज. तू आपणहून थांबव, ती सांगायची नाय तुला. ती लय मानी हाय."

त्या दिवशी गाडी मधे थांबली होती. मला पुढे बसवलं होतं. मला वाटलं होतं, ड्रायव्हर भला माणूस आहे.

मी रडत होते, पण रडता रडता कान टवकारले. आई तिच्या आवाजात बोलत नव्हती. जाड, घशातून ओढलेला, शेवटचा शब्द किनाऱ्यापर्यंत पोचावा असा लांबवलेला. हे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

"आई, परत म्हण."

"काय?"

"तेच. आत्ता म्हटलंस तसंच."

"सावकाश ने रे," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. हात तोंडावर गेला. 

"असाच बोलायचा तो," ती म्हणाली.