पाहुण्यांचं औक्षण

आमच्या मंडळाच्या गणपतीत पाहुण्यांना ओवाळायचं काम वर्षानुवर्षं माझ्या एका मैत्रिणीकडे होतं. तिच्यासारखं ताट कुणाला लावताच यायचं नाही. कुंकू, अक्षता, सुपारी, तिच्या स्वतःच्या बोटातली अंगठी, सगळं जागच्या जागी. फक्त निरांजन तेवढं बॅटरीवरचं. आम्ही शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचो, आणि एकदा कापूर पेटवल्यावर स्मोक अलार्म वाजला होता तो तिथल्या केअरटेकरनं कायमचा मनात धरला होता. त्यामुळे बाप्पाची आरतीही बॅटरीवर आणि पाहुण्यांचं औक्षणही बॅटरीवर. मी दर वर्षी यावरून चिडायची, आणि ती दर वर्षी म्हणायची, "अगं, भाव महत्त्वाचा."

ती आणि मी एकदमच या देशात आलो. दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. मी पुढे परीक्षा देऊन जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर झाले, ती लायब्ररीत लागली. ती मऊ, मी फटकळ, त्यामुळे आमचं छान जमलं. लंडनच्या पश्चिमेचं आमचं गाव तसं लहान. मोठ्या ढोलासाठी आम्हाला शेजारच्या स्लाऊ शहरातल्या मंडळाला फोन करावा लागायचा. तिची एकुलती एक मुलगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली, मला मावशी म्हणते. हे सगळं त्या मुलीबद्दल आहे, आणि सांगताना आजही माझे कान गरम होतात.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. मुलगी युनिच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीत घरी आली की गावातल्या फुटबॉल क्लबच्या बारमध्ये काम करायची. तो क्लब म्हणजे गावाचा जीव की प्राण. एका मॅचनंतरच्या पार्टीत तिच्यासोबत जे झालं ते तिनं आधी युनितल्या मैत्रिणीला सांगितलं, मग पोलिसांना, मग मला, आणि सगळ्यात शेवटी आईला. क्लबच्या दोन खेळाडूंवर केस उभी राहिली. इथल्या कायद्याप्रमाणे तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव कुठेही छापता येत नाही, मग निकाल काहीही लागो. त्यामुळे त्या दोघांची नावं शेंबड्या पोरालाही पाठ होती आणि हिचं कुणालाच माहीत नव्हतं. आईबापांना ते तसंच राहायला हवं होतं, आणि तिलाही. बाप तर दिवसरात्र ड्युट्या लावून घेत होता. घरी असला की लॉनमोवर बाहेर काढायचा.

कोर्टात ती पडद्याआडून बोलली. "आई नको, तिला ते प्रश्न ऐकू नको देऊ. तू बस," असं मला म्हणाली होती, म्हणून पब्लिक गॅलरीत मी बसायची. ते प्रश्न मी इथे लिहिणार नाही. ज्यूरीनं दोघांनाही सोडलं.

आता मी काही न्यायाधीश नाही. बारा माणसांनी ऐकलं, त्यांना खात्री वाटली नाही, त्यांनी सोडलं. कायदा तसाच असायला हवा, हे मला डोक्यानं कळतं. माझा विश्वास मुलीवर होता आणि आहे, पण मी त्या खोलीत नव्हते. माझं भांडण निकालाशी नाहीच. निकालानंतर माणसांना जे उधाण आलं, त्याच्याशी आहे.

गॅलरीत माझ्या शेजारच्या बाईनं मला मिठी मारली. मीही त्या दोघांच्याच बाजूची, असं तिला वाटलं असणार. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आमच्या चिप शॉपवाल्यानं काचेवर दोघांचे फोटो लावले आणि त्या शनिवारी क्लबचा स्कार्फ घालून येईल त्याला चिप्स फुकट. लोकल रेडिओवर एक गृहस्थ फोन करून म्हणाले की त्या मुलीलाच आत टाका, नाव तरी जाहीर करा. माझ्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, एक गोड म्हातारी, दर ख्रिसमसला मला बिस्किटांचा डबा आणणारी, दंडाला पट्टा बांधून घेता घेता म्हणाली की हल्लीच्या पोरींना नाटकंच फार. तिचं ब्लडप्रेशर अगदी नॉर्मल निघालं. माझं घ्यायला कुणी नव्हतं.

तरी मी मनात म्हणायची, हे गोऱ्यांचं चाललंय, चालू दे. आपली माणसं वेगळी. काय पण माझी अक्कल.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही बायका मैत्रिणीच्या घरी मोदकांची तालीम करायला जमलो. ही आमची जुनी पद्धत. इथल्या तांदळाच्या पिठाचा भरवसा नाही, त्यामुळे एकदा उकड काढून बघावी लागते. विषय निघायचा तो निघालाच. एकीनं सांगितलं, तिच्या मुलाचं कोचिंग त्यातलाच एक करतो, किती सज्जन, आणि त्याच्यावर हे बालंट. दुसरी म्हणाली, "या गोऱ्या मुली ना, पिऊन पडायचं आणि मग दुसऱ्याच्या नावानं बोंबलायचं." तिसरी म्हणाली, "आईबाप काय झोपले होते का? आपल्यात असं होणं शक्य नाही हो. आपल्या मुली असल्या ठिकाणी जातातच कुठे?"

मुलगी गोरी आहे हे कुणी कुठे वाचलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या डोक्यात ते आपोआप ठरलेलं होतं. बिनधास्त बोलत होत्या त्या म्हणूनच. मी तोंड उघडलं असतं तर शिवी गेली असती, आणि शिवीमागून प्रश्न आला असता. मैत्रीण मोदकाच्या कळ्या पाडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो ना." बरोब्बर त्याच वेळी वरच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. उत्तम मोदक झाले. सगळ्यांनी तिची वाहवा केली.

मुलगी तेव्हा घराबाहेर पडत नव्हती. महिन्याभरात युनि सुरू होणार होती आणि ती परत जाणार की नाही याचा पत्ता नव्हता. माणसं दिसली की तिला धाप लागायची. मी डॉक्टर, मी मावशी, मला स्वस्थ बसवतंय थोडंच? मी तिच्या पलंगावर ठाण मांडलं आणि म्हटलं, "गणपतीला चल. लहान मुलांना फेटे बांध, तू नेहमी बांधतेस तसे. आपली माणसं आहेत, क्लबचं कुणी असणार नाही. एक संध्याकाळ काढ, मग युनिचं बघू."

"पक्का ना, मावशी? तिकडचं कुणी नाही?"

"पक्का," मी म्हटलं.

ती आली. हिरवा कुर्ता घातला होता, केस धुतले होते. हॉलच्या मागच्या बाजूला मुलांना रांगेत उभं करून ती फेटे बांधत बसली. एका पोरानं काहीतरी आगाऊपणा केला तशी हसलीसुद्धा. मी लांबून मैत्रिणीला खूण केली, बघ म्हणून. तिचे डोळे भरून आले. ताट हातात घेऊन ती दाराशी उभी होती, कारण प्रमुख पाहुणे कोणत्याही क्षणी येणार होते. दर वर्षीसारखे काउन्सिलर असतील, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आमचे अध्यक्ष भला माणूस. मंडळाला हक्काची जागा मिळावी म्हणून काउन्सिलच्या पायऱ्या झिजवत होते. लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर ट्रेनमध्ये आपल्या रंगाचा माणूस बॅग घेऊन चढला की लोक डबा बदलायचे, असे ते दिवस होते, आणि आपण या गावचेच आहोत हे दाखवायची त्यांना फार घाई झाली होती. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले की आज एक सरप्राइज आहे. आपल्या गावच्या दोन सुपुत्रांवर मोठा अन्याय झाला, त्यांच्या पाठीशी मराठी माणूस उभा आहे हे आपण दाखवून देणार आहोत.

दार उघडलं आणि ते दोघे आत आले.

चांगले उंच, कोवळ्या चेहऱ्याचे, इस्त्रीचे शर्ट घातलेले. बुजलेले होते. बूट कुठे काढायचे म्हणून खाली बघत होते. मैत्रीण त्यांच्यापासून हातभर अंतरावर ताट घेऊन उभी. तिनं त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी तिला. पण पेपरातले फोटो तिनं पाहिले होते. ताटातली सुपारी घरंगळायला लागली, त्याचा आवाज मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, चला, ओवाळा."

ती हलेना. दोन-चार माना तिच्याकडे वळल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय झालं हिला?" आणि मला एवढंच दिसलं की आता कुणीतरी या चेहऱ्याकडून मागे फेटे बांधणाऱ्या मुलीकडे बघेल, दोन अन् दोन चार करेल, आणि उद्या गावभर होईल. मी उठले. "अहो, तिला सकाळपासून चक्कर येतेय, उपास आहे. आण गं इकडे," असं मोठ्यांदा म्हणत मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

आणि मग ते करावंच लागलं. पहिला खाली वाकला, कारण माझा हात पोचेना. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी-सुपारीनं ओवाळलं, निरांजन ओवाळलं. मग दुसऱ्याला. दुसऱ्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. कोर्टात मला पाहिल्याचं त्याला आठवलं असेल, नसेलही. मिठी मारणाऱ्या बाईच्या शेजारची बाई म्हणून आठवलं असेल, तर त्याला वाटलं असणार, ही आपलीच. तो हळूच म्हणाला, "थँक यू." मी मान हलवली. बॅटरीची ज्योत, ती काही विझायची नव्हती.

अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं आणि टाळ्या सुरू झाल्या. हॉल दणाणला. लोक उभे राहिले. तेव्हा कुठे मी मागे बघायचं धाडस केलं.

मुलगी पळून गेली असेल, रडत असेल, असं मला वाटत होतं. ती मुलांच्या घोळक्यात उभी होती, एका हाताला अर्धवट फेटा गुंडाळलेला, आणि टाळ्या वाजवत होती. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच लयीत. नजर माझ्यावर होती. मी ताट का घेतलं हे तिला दिसलं होतं की फक्त ओवाळताना दिसले, हे मी आजवर विचारलेलं नाही.

प्रसाद न घेताच आम्ही तिघी निघालो. मी गाडी चालवत होते, मैत्रीण शेजारी, ताट मांडीवर. मुलगी मागे. बाहेर अजून उजेड होता. चिप शॉपच्या काचेवरचे फोटो मागे पडले तेव्हा मागून प्रश्न आला.

"मावशी, मी नीट क्लॅप केलं ना?"

तिची आई वळली, मागे हात घालून तिचा गुडघा थोपटला आणि म्हणाली, "हो गं बाळा, छान केलंस. कुणाला काही कळलं नाही."

आणि ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. ती परत युनिला गेलीच नाही, अध्यक्षांना पुढे जागा मिळाली, मी मंडळ सोडलं, हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी, त्या पोरीच्या तोंडावर, मला सुटल्यासारखं वाटलं.