कोरड्या तळहातावरचं तीर्थ

“अगं, चूल राहू दे! आधी इकडं ये! नारायण पोहतोय, नारायण!”

अप्पा मास्तरांची ही आरोळी अशी घुमली की दाजीबानपेठेतल्या माझ्या दुकानात कापडाचे तागे आपोआप उलगडले. हातातला गज तसाच घेऊन मी धावलो. पाहतो तो अप्पा ओसरीवर वाकलेले, एक डोळा पितळी सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला, आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, पिठाच्या हातांनी उंबऱ्यात उभी. गेल्या महिन्यात अप्पा गेले. त्या सकाळपासून माझ्या कानात रडणं नाही, हीच आरोळी आहे...

अप्पा हायस्कुलात शास्त्र शिकवत आणि मुंजीपासून रोज सकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात तीर्थ घेत. शाळेनं मोडीत काढलेला तो सूक्ष्मदर्शक घरी आणल्यावर त्याखाली त्यांनी काय घातलं नाही! माशीचा पाय, कांद्याचं साल, माझ्या मिशीचा केस. तो केस मला ताडाएवढा दिसला. लोक म्हणतात, भीमण्णा फुगवून सांगतो. कापडवाल्यानं गज आखडला तर गप्पा तरी सैल सोडाव्यात की नको? त्या दिवशी मात्र पळीनं दिलेलं तीर्थ न पिता अप्पांनी ते तळहातावर सांभाळत घरी आणलं आणि थेंबभर काचेवर घातलं. मीही डोळा लावला. तुळशीच्या कणाभोवती काचेसारखे जीव भिरभिरत होते. एकाच्या पोटात काहीतरी धडधडत होतं. ह्यात मात्र मी एक दोराही वाढवलेला नाही.

“आपल्या आडाच्या पाण्यातही हेच आहेत,” अप्पा हळू म्हणाले. “देव मोठा आहे, हे लहानपणापासून ऐकतोय रे भीमा. तो इतका बारीक होतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

पण अशी गोष्ट ओसरीवर थांबते होय? गल्लीच्या तोंडाशी तीर्थात किडे पडले, दाजीबानपेठेत त्यांची गांडुळं झाली, आणि धारवाडला पोचेपर्यंत मगर! बायका तीर्थ ओठांपर्यंत नेऊन हळूच तुळशीत ओतू लागल्या. पुजारी वेंकणाचार ते रोज बघत होते. त्यांच्या आज्यापासून तीच पळी, तेच भांडं. आता लोक त्या पळीकडं संशयानं बघणार. एका सकाळी अप्पांनी हात पुढं केला आणि आचार कडाडले, “कै हिंद तगीरी, मास्तर! हात मागं घ्या! तीर्थात वळवळ बघणाऱ्याला तीर्थ नाही.”

“आचार, वळवळ नव्हे ती...”

“साकु! पुरे!”

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा रांगेत. पळी त्यांचा तळहात ओलांडून पुढच्या माणसाकडं गेली. अप्पांनी कोरडा तळहात ओठांना लावला, डोक्यावरून फिरवला आणि शाळेची वाट धरली. हे एक दिवस नाही, वर्षानुवर्षं! मी चिडायचो. “अप्पा, हुबळीत देवळांचा काय दुष्काळ पडलाय?” ते म्हणायचे, “देव कुठंही मिळेल रे. ही पळी मिळायची नाही.” आचारांबद्दल वाकडा शब्द नाही. एका संध्याकाळी मात्र सूक्ष्मदर्शकावर फडकं घालता घालता ते थांबले. “भीमा, मला देव सापडला म्हणून ओरडलो... पण लोकांचा काढून घेतला का रे?” मी फडक्याचं दुसरं टोक ओढून नीट केलं.

मग गेल्या महिन्यात अप्पांना ताप आला. शेवटच्या सकाळी त्यांची वाचा गेली, पण उजवा तळहात अंथरुणावर खोलगट होऊन राहिला, रांगेत असायचा तसा. अक्का म्हणाली, “भीमण्णा, आचारांना तीर्थ घेऊन यायला सांगून या.” मी धावलो. हे शरीर धावलं की हुबळीतली कौलं हलतात, पण त्या दिवशी मला माझीच पावलं ऐकू येत नव्हती. आचार नैवेद्य दाखवत होते. नाही म्हणाले नाहीत. “पूजा आटोपू दे,” म्हणाले. पूजा आटोपली, तोवर इकडं अप्पा गेले. तीर्थाचं भांडं घेऊन ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि दारातली माणसं बघून परत फिरले, असं मागाहून कळलं.

सूक्ष्मदर्शक आता देवघरात आहे, शाळिग्रामाच्या शेजारी. अक्का तो रोज पुसते. गंध लावत नाही. “काच खराब झाली तर ओरडतील,” म्हणते. परवा मी तिथं बसलो असताना वेंकणाचार आले. हातात झाकलेलं भांडं. “बघू द्या,” एवढंच बोलले. अक्कानं पदरानं काच पुसली, त्यांच्या तीर्थाचा थेंब घातला, सरावानं चाक फिरवलं. आचारांनी डोळा लावला. बघत राहिले... उपरणं खांद्यावरून घसरलं तरी त्यांना कळलं नाही. गुडघ्यांवरचे हात कधी छातीशी आले, तेही नाही.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “अक्का, शेवटी त्यांच्या तोंडात काय घातलंत?”

“आडाचं पाणी,” अक्का म्हणाली.