वेगाचा रकाना

जून १९८४, सोमवार. एडवणच्या एसटी थांब्यावर मला निरोप द्यायला बाबा, आई आणि धाकटा भाऊ विलास. बाबांनी एकशे चाळीस रुपये दिले आणि त्यांच्यासमोरच मला ते दोनदा मोजायला लावले. आमच्या पानवेलीच्या वाडीत बाया पानं मोजायच्या तेव्हा ते त्यांच्या बोटांकडे बघत बसायचे. मला म्हणाले, "घाईनं मोजील त्याचा भरवसा धरू नको. मंग तो कोन का असंना."

विलास, आणि माझ्यासारखं वाडी सोडून बोईसरला आलेल्यांनो, सोबतच्या पेटीतले कपडे कधीच विरले, हे वाक्य मात्र टिकलं. भाड्याच्या खोलीत मी घरमालकाचा विजेचा मीटर रोज टिपून ठेवायचो. दूध घरच्या मापाने पुन्हा मोजायचो. एडवणला अनोळखी माणूस आला तर आई आधी पाणी द्यायची. इथे मी कडी न काढताच "कौन है?" विचारायचो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी प्रयोगशाळेत काम मिळालं. धातूची पट्टी यंत्रात धरायची, तुटेपर्यंत ओढायची, काट्याने दाखवलेला भार रजिस्टरमध्ये लिहायचा. जोडीला घिवलीचा जनार्दन, कोळ्याचा मुलगा. पहिल्या वर्षी दर रविवारी मी त्याच्याकडेच जेवत असे. तो एसटी गाठायची म्हणून यंत्र वेगाच्या गिअरवर टाकायचा, मी सावकाश ओढायचो. तरी नऊ वर्षं आमचे आकडे जुळत आले. त्याच्या घाईवर माझा डोळा होता, पण पकडण्यासारखं काही नव्हतं.

१९९३ मध्ये मुंबईच्या एका संशोधकांनी निकेलच्या पट्ट्या पाठवल्या, द्रावणातून विजेने थर चढवून केलेल्या. त्यांवर जनार्दनचे आकडे माझ्याहून शंभराला पाचने जास्त. एकदाही कमी नाहीत. नुसती चूक असती तर कधी वर, कधी खाली गेली असती. नेहमी वरच जाते, म्हणजे पट्टी बळकट दिसावी म्हणून पाठवणाऱ्या पार्टीने याचे हात ओले केले, असं मी ठरवलं आणि रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं.

जनार्दन साहेबांशी बोललाच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "काटा दाखवल तेच लिवलं मी. माज्या घरी जेवलास, सुभास, नि माजंच खिसं चाचपतोस?" त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. मला वाईट वाटलं नाही. बाबांचं खरं ठरलं, एवढंच वाटलं.

दोन महिन्यांनी माझ्या मुलीला ताप होता, मला लवकर निघायचं होतं. म्हणून शिल्लक पट्ट्यांतली एक मी वेगात ओढली. काटा जनार्दनच्या आकड्यावर गेला. दुसरी सावकाश ओढली, काटा खाली. तिसरी वेगात, पुन्हा वर. घरी मुलगी तापलेली, आणि मी पट्ट्या संपेपर्यंत ओढत बसलो.

संशोधकांना फोन लावला. ते म्हणाले, धातू कणांचा बनलेला असतो आणि या निकेलचे कण नेहमीपेक्षा हजारपटीने बारीक आहेत. कणांच्या कडा धातूचं सरकणं अडवतात. कण बारीक तितक्या कडा जास्त, म्हणून पट्टी बळकट. मी वाडीतले बांध डोळ्यांसमोर आणले. पण अशा दाट बांधांतून सरकायला वेळ लागतो. सावकाश ओढलं की धातूला तो वेळ मिळतो आणि तो कमी भारात नमतो, घाई केली तर ताठ राहतो. जाड कणांच्या निकेलमध्ये हा फरक इतका थोडा, की आमच्या काट्याला दिसतही नाही. मग त्यांनी विचारलं, वेग किती ठेवला होता? आमच्या रजिस्टरला वेगाचा रकानाच नव्हता.

साहेबांना सगळं सांगितलं. ते त्याला परत घ्यायला तयार झाले. मी घिवलीला गेलो. जनार्दन भावाच्या होडीवर जाऊ लागला होता. किनाऱ्यावर मासळी निवडता निवडता त्याने सगळं ऐकलं.

"म्हंजे दोगं पन खरे," तो म्हणाला. "मंग आदी मला का नाय इचारलंस?"

साहेब परत घेतायत, एवढंच मी सांगितलं. तो कामावर परत आला नाही.

आता बोईसरजवळ बेटेगावला माझं स्वतःचं घर आहे. एडवणची वाडी विलास बघतो, तिथे मला पाहुण्यासारखा चहा मिळतो. बेटेगावच्या दाराला कडी आहे, दिवसा ती लावत नाही. आलेल्याला पाणी देतो, मग नाव विचारतो.

त्या दिवशी घिवलीहून निघताना मी जनार्दनकडे बोंबील मागितले. त्याने भराभर मोजून पिशवीत टाकले. मी वीस रुपये दिले. बोंबील मी मोजले नाहीत.