फेस न येणारा साबण

घरी साबण करायचं खूळ माझ्या डोक्यात स्वदेशीच्या दिवसांत शिरलं. सोलापुरात तेव्हा जो तो काहीतरी देशी करत होता. मी चुलीवर खोबरेल आणि कॉस्टिक सोडा ढवळत बसायची. सासूबाई करकंब गावच्या, तोंडाने फटकळ. गावातल्या स्वदेशी प्रदर्शनात मी साबण मांडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी बजावलं, "परदर्शनात तुझ्या साबणाला बायकांनी नावं ठेवली, की चूल बंद. लई तेल नासलं." मला तर त्या चुलीशिवाय करमत नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी, तिथे फेस करून दाखवायला म्हणून, साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवून बरणीत भरला. निवल्यावर पाणी ताकासारखं गढूळ झालं. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. मला न विचारताच त्यांनी स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटची बाटली उचलली आणि निम्मी बरणीत ओतली. पाणी लख्ख नितळ! मी हुरळून गेले.

प्रदर्शनात बायका जमल्यावर मी ऐटीत ते पाणी घंगाळात ओतून घुसळलं. चार बुडबुडे आले नि फुटले. पुन्हा घुसळलं, तर तेवढेही नाहीत.

"फेस कुटं हाय बाई?" कुणीतरी खिदळलं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

दाराशी उभे राहून हे म्हणाले, "स्पिरिटनं बुडबुड्याची कातडी टिकत नाही. फेस मरतो."

"हे सकाळी सांगायला काय झालं होतं?" मी चारचौघांत फणकारले.

शेजारच्या मेजावर एक विणकर बाई कोऱ्या सुताच्या लडी मांडून बसली होती. कोरं सूत तेलकट, पाण्यावर तरंगतं; भिजवायला पायांनी तुडवत बसावं लागतं. माझी कीव येऊन ती म्हणाली, "टाकून कशाला देता? माझं सूत तरी भिजवते की." तिने घंगाळात लडी सोडली. लडी सरळ तळाशी गेली.

"अय्यो, बुडली की!" ती ओरडली. तिने दुसरी लडी साध्या पाण्यात टाकली, ती तरंगतच राहिली. ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं, "फेस गेला तरी पाणी धाग्यात शिरतं, म्हणजे..." पण ऐकायला कोण होतं? सगळ्या बायका घंगाळावर वाकल्या होत्या, जिला तिला आपल्या हातानं लडी बुडवून बघायची होती.

"कुणाचा हो हा साबण?" मघाशी खिदळलेलीनेच विचारलं.

मी बोलणार, तोच सासूबाई पदर सावरत पुढे झाल्या. "आमचा हाय. घरीच करतो आमी."

संध्याकाळी घरी आल्यावर साबणाची चूल त्यांनीच पेटवली.