टोरीचं तेल

बंदुकीचा जोर कमी करत बसलेला माणूस त्या गावानं माझ्याआधी पाहिला नव्हता. गडचिरोलीच्या पुढे, जंगलात, सडकेला लागून साठ-सत्तर घरं. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत मी, आणि त्यामागे एक लांबलचक पडवी. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, घर तिकडे चिमूरला. सकाळी पोस्टाची खिडकी उघडायची, दुपारच्या गाडीनं थैली यायची-जायची, की काम संपलं. उरलेला दिवस नुसता अंगावर यायचा. गाव वाईट नव्हतं, पण मी पडलो सरकारी माणूस. मी दिसलो की झाडाखालची बोलणी थांबायची. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की 'इथं अंगठा लावा' आणि 'तिकीट चिकटवा' यापलीकडे आज आपण एक शब्द बोललेलो नाही.

एअर रायफल मी चंद्रपूरहून जुनी घेतली होती. नळी बिजागरीतून खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, एका वेळी एक छर्रा. चंद्रपूरला नेमबाजीचं एक मंडळ होतं. ते हिवाळ्यात दहा मीटरची स्पर्धा घेऊन पाच जणांचा संघ निवडायचं आणि त्या पाचांना दर रविवारी एकत्र सरावाला बोलवायचं. कॉलेजात माझा नेम बरा होता. खरं सांगतो, मला कप नको होता, बिल्ला नको होता. आठवड्यातून एक दिवस चार माणसांत बसायला मिळावं, एवढ्यासाठी मला त्या पाचांत यायचं होतं.

गावातले लोक बंदूक पाहायला आले. हातात तोलली, नळीला डोळा लावला.

"याच्यानं काय मरते?"

"काहीच नाही. कागद."

"मंग कायले घेतली बापा?"

मी खिडकी लावून घेतली. राग माझ्या नाकावरच असतो, तेव्हाही होता.

शेजारच्या घरातला म्हातारा मात्र दुसऱ्या दिवशी परत आला. गोंड शेतकरी, बायको वारलेली, लेक लांबच्या गावी दिलेली. त्याच्याकडे शेतराखणीची भरमार होती, तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक. ती पोलिसांकडे जमा होती आणि परत मिळेल ही आशा त्यानं सोडली होती. पडवीच्या उंबऱ्यावर टेकून तो म्हणाला, "काऊन रे बापू, ही बंदूक व्हय का चुलीची फुंकणी?"

मी म्हटलं, "फुंकणीच आहे भाऊ. बसा, वाजवून दाखवतो."

तो बसला, आणि मग रोज दुपारी थैली गेली की येऊन बसायला लागला.

कागद मारायला जोर लागत नाही, हे मी त्याला समजावलं. स्प्रिंग जितकी तगडी तितका धक्का मोठा, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल हलून जाते. म्हणून मी लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडनं स्प्रिंगचे दीड वेढे कापले, कापलेलं टोक स्टोव्हवर लाल करून सपाट केलं. घोडा इतका जड होता की ओढता ओढता नेम सरकायचा. त्याचा आतला खटका पॉलिश पेपरनं घासला. थोडा घासायचा, बसवून पाहायचा, परत खोलायचा. जास्त घासला तर हात न लावता सुटेल, ही धास्ती. डबीतले छर्रे आरशावर एकेक गडगडवून वाकडे बाजूला काढले. हे सगळं होईस्तोवर म्हातारा तंबाखू मळत बसायचा. एकदा म्हणाला, "लोकं बायको माहेरी पाठवाले इतकी तयारी करत नाईत."

एवढं करूनही प्रत्येक बाराला रायफल झणझणायची. शिलाई मशीनचं तेल घातलं तर ते आत जळायचं, नळीतून धूर निघायचा आणि छर्रा भलतीकडे जायचा. नाही घातलं तर स्प्रिंग कुरकुरायची. मारणाऱ्याचा गाल लाकडी दस्त्याला टेकलेला असतो. सगळा आवाज हाडातून डोक्यात शिरतो आणि तो नेमका कुठून येतोय ते त्याला कळत नाही. ते म्हाताऱ्याला कळायचं. डोळे मिटून, मान कलती करून तो सांगायचा, "मागून बोलून राह्यली." मी मागचा स्क्रू आवळायचो. "आता मंधातून. चामडं कोरडं हाय."

चामडं म्हणजे पिस्टनच्या तोंडावरचा वॉशर, सायकलच्या पंपात असतो तसा. उघडून पाहिलं तर खरंच वाळून चिरलेला. माझ्या एका जुन्या पट्ट्यातून मी नवा कापला. म्हातारा घरी जाऊन एक बाटली घेऊन आला. आत टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाची बी. तिकडे त्याच तेलात भाजी होते, तेच अंगाला लावतात.

"हे पाज तिले," तो म्हणाला. "माही भरमार याच्यावरच जगली."

दोन दिवस वॉशर त्यात भिजवला, स्प्रिंगवरही बोट फिरवलं. पहिला बार काढला. नुसतं 'ठप्'. पाच छर्रे एकात एक गेले, चिंचोक्यानं झाकेल एवढं भोक. म्हाताऱ्यानं कार्ड उन्हात धरून त्या भोकातून सडकेकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ हसत राहिला.

दिवाळीच्या मागचे-पुढचे ते दोन महिने माझे बरे गेले. माझा चहा पिऊन तो म्हणायचा, "साखर सरकारी हाय का रे, इतकी कमी?" बायकोबद्दल बोलायचा, भरमारीबद्दल बोलायचा, बहुतेक दोघींबद्दल सारखंच. मला जिंकायचं कशासाठी आहे, ते मी त्याला एकदा सांगून टाकलं.

"म्हंजे माणसं पाहाले तू चंद्रपूरले जाशीन?" तो म्हणाला. "मंग मी का बोकड हाव का?"

मी हसलो. पुढे काही मनात आलं नाही.

स्पर्धा डिसेंबरात होती, सकाळी सातला, उघड्या मैदानावर कनात लावून. आदल्या दिवशी जाऊन मी धर्मशाळेत फरशीवर झोपलो, रायफल उशाशी. पहाटे बोटं वळत नव्हती. सरावाचे पहिले छर्रे कार्डाच्या पार खाली गेले. मी नेम धरायची साइट वर केली, तरी खालीच. आणखी वर केली, मग कुठे मधोमध आले. स्पर्धेचे छर्रे सुरू झाले, ऊन चढलं, आणि छर्रे आपोआप वर वर सरकायला लागले. साइट खाली करू म्हटलं तर वेळ संपत आलेला. शेजारचा माणूस शांतपणे दहा-दहा गुण घेत होता. माझा नंबर अकरावा आला. पाच जण घ्यायचे होते.

तिथेच एका कट्ट्यावर बसून रायफल खोलली. बरोबर आणून सावलीत ठेवलेल्या बाटलीत टोरीचं तेल तुपासारखं पांढरं थिजलेलं होतं. पहाटे माझ्या पिस्टनभोवतीही तेच थिजलं असणार आणि उन्हात वितळलं असणार. गावात मी कधी सकाळी मारलंच नव्हतं. सकाळी पोस्ट असायचं, आमचा सगळा सराव दुपारचा.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरलो तर म्हातारा माझ्या उंबऱ्यावर वाट पाहत बसलेला. "काय झालं बापू?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुमच्या तेलानं माझं वाटोळं झालं. हे जंगली उपाय मशीनला चालत नसतात."

तो हळू म्हणाला, "थंडीत टोरी गोठते, हे इथच्या लेकरालेही मालूम हाय. सकाळी मारायचं हाय म्हून तू मले सांगितलंच नाई."

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी म्हटलं, "तुमच्यासारख्याला विचारलं, हीच माझी चूक."

तो उठला, धोतर झटकलं आणि घरी गेला.

आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तो माझ्या जन्माच्या आधी. कोणी जातीवरून, जागेवरून हिणवलं तर ऐकून घ्यायचं नाही, हे वडिलांनी मला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. मी ते ऐकून न घेणं तेवढं शिकलो. 'जंगली' हा शब्द माझ्याच तोंडातून निघाला आणि त्याच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर गेला. मला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी माफी मागू म्हटलं, सकाळी खिडकीवर माणसं होती. दुपारी म्हटलं, तो येईलच. तो आला नाही. मग माझाच ताठा आडवा आला. म्हटलं, मी काय एकट्यानं ठीक करू शकत नाही?

केलं. तेल पुसून काढलं, चंद्रपूरहून पातळ बंदुकीचं तेल आणून थेंबानं लावलं. पण झणझण परत आली आणि ती कुठून येते ते सांगणारं कोणी नव्हतं. एक स्क्रू आवळून पाहायचा, बार काढायचा, दुसरा आवळायचा. जे काम म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितलं असतं, त्याला मला महिना लागला. पडवीत बार काढला की माझी नजर उंबऱ्याकडे जायची. कुंपणापलीकडे तो ज्वारी पाखडताना दिसायचा, आणि त्याला माझा प्रत्येक बार ऐकू जात असणार, हेही मला कळत होतं.

फेब्रुवारीत संघातल्या एकाची बदली झाली आणि त्या जागेसाठी परत चाचणी झाली. मी निवडला गेलो. मिळाले मला माझे रविवार. माणसं चांगली होती. सकाळी सगळे ओळीनं उभे राहायचे, कानात कापूस घालून आपापल्या कार्डाकडे बघायचे. नेमबाजीत दुसरं करणार काय, बोललं की नेम चुकतो. अकराला एक चहा व्हायचा, मग जो तो आपल्या स्कुटरवर आपल्या घरी. मी स्टँडवर जेवायचो आणि परतीच्या गाडीची वाट पाहायचो.

असे तीन-चार रविवार गेले. मग एका शनिवारी चंद्रपूरच्या गाडीला अर्धा तास होता, तर रायफल खांद्याला अडकवून तसाच म्हाताऱ्याच्या अंगणात गेलो. तो खाटेवर बसला होता. मला पाहून उठला आणि खाट रिकामी करून दिली. "या साहेब. बसा." आत जाऊन पाण्याचा लोटा आणला. साहेब तो मला पूर्वी कधीच म्हणाला नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, मी त्या दिवशी फार वाईट बोललो. चूक माझी होती. तेलाचीही माझी आणि बोलण्याचीही."

"कायची चूक साहेब," तो म्हणाला. "होते असं." आणि माझ्या घरचे कसे आहेत, चिमूरकडे तुरी कशा झाल्या, हे सगळं त्यानं विचारलं. गावात तहसीलदार आला असता तरी त्यालाही त्यानं हेच आणि असंच विचारलं असतं.

मला ते सहन होईना. म्हटलं, "रायफल अजून बोलते हो. मला कुठून ते कळत नाही. तुम्ही एकदा येऊन ऐका. एकच दुपार."

त्यानं खांद्यावरच्या रायफलीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. "आता जमत नाई साहेब," तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "वय झालं. कानानं ऐकू येत नाई."

मी पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. त्यानं मान कलती केली.

"निघा साहेब," तो म्हणाला. "तुमची गाडी नाल्याच्या पुलावर आली."

मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. सडकेवर येऊन उभा राहिलो, आणि बऱ्याच वेळानं पलीकडच्या वळणावर लाल गाडी दिसली.