पहिल्या होडीचे मानकरी

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बोटीत पाऊल टाकण्याआधीच सगळी बंदरं फिरून आले होते. कॉम्प्युटरवर. कुठल्या धक्क्यावरून कुठली बस सुटते, ती कुठल्या चौकात वळते, त्या चौकात स्वच्छतागृह कुठे आहे आणि आधी जाऊन आलेल्या लोकांचं त्या स्वच्छतागृहाबद्दल मत काय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मग प्रत्यक्ष जाऊन बघायचं काय उरलं, असं विचारायचं माझ्या फार मनात होतं. पण भाऊजींना प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, व्याख्यान मिळतं.

भाऊजी परीक्षा विभागातून निवृत्त झाले. तिथे त्यांचं काम बैठक क्रमांक लावण्याचं. कोणता मुलगा कुठल्या खोलीत, कुठल्या बाकावर, कुणाच्या मागे. नोकरीभर त्यांनी लोकांना जागेवर बसवलं आणि कुणी जागचं हललं नाही याचं श्रेय घेतलं. कचेरीत त्यांना नंबरसाहेब म्हणायचे. ते टोपणनाव आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांना ती पदवी वाटली. निवृत्तीनंतर बसवायला कुणी उरलं नाही, पण घरात ताई होतीच.

मी लॉन्ड्री चालवते, त्यामुळे माणसांचे शर्ट मी जरा जवळून बघते. भाऊजींच्या शर्टावर कधी डाग नसतो. ज्या माणसाच्या हातून आयुष्यात काही सांडलं नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

तर क्रूझ. बोट बंदराला लागली की प्रवाशांना खाली उतरवून बसने गाव दाखवून आणतात. या सहली घरूनच बुक कराव्या लागतात, नाहीतर भरून जातात. भाऊजींना हे कळलं त्या दिवसापासून ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर छापील कागद पसरले, प्रत्येक बंदराला एक रंग मिळाला, आणि ताई ओट्याशी उभी राहून जेवू लागली. एका सहलीपुढे ‘मध्यम श्रम’ असं लिहिलेलं होतं. झालं, भाऊजींनी ताईला महिनाभर इमारतीचा जिना चढायला आणि उतरायला लावलं. बूट घालून, पर्स घेऊन, कारण सहलीत पर्स असणारच. तिचा गुडघा सुजला. भाऊजी स्वतः खाली लिफ्टपाशी उभे राहून घड्याळ बघायचे.

मला या सगळ्यात ताईने ओढलं. “तू असलीस तर मी येते,” म्हणाली. लॉन्ड्री शेजारच्या बाईवर सोपवून मी निघाले, आणि भाऊजींनी माझ्याही नावाने सगळ्या सहली भरून टाकल्या. मला विचारलं नाही. बाक रिकामा दिसलेला त्यांना सहन होत नाही.

पण तिसऱ्या बंदराशी घोडं पेंड खात होतं. त्या गावात ताईची मैत्रीण राहते. दोघी शाळेत पहिलीपासून शेजारी बसायच्या. पुढे त्या मैत्रिणीने बोटीवरच्या एका मेकॅनिकशी लग्न केलं आणि त्या गावाला गेली ती तिथलीच झाली. वर्षानुवर्षं नुसते फोन. आता तिचे डोळे चालले होते. मधलं दिसेनासं झालेलं, कडेकडेने काय ते दिसायचं, आणि तेही फार दिवस राहणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. ताईने मला हे सांगितलं तेव्हा “मला तिला बघायचंय,” असं ती म्हणाली नाही. “तिने मला एकदा बघायला हवं,” म्हणाली.

भाऊजींनी त्या दिवशी गुहा घेतली होती. जमिनीखाली तळं, त्यावर रंगीत दिवे, जायला बस, वाटेत खाऊचं पाकीट. आयुष्यात पहिल्यांदा ताईने त्यांच्या कागदावर बोट ठेवलं.

“अहो, या दिवशीचं माझं रद्द करा. मी तिच्याकडे जाईन.”

“अगं, त्या गावात बघण्यासारखं एवढंच आहे. बाकी काही नाही तिथे.”

“ती आहे.”

“परतीच्या वाटेवर बस बाजारात थांबते. तिला तिथे बोलाव. भेट होईल.”

“तिला दिसत नाही. बाजारात कुठे उभी राहील ती?”

भाऊजी उठून कपाटाकडे गेले. ते रागावले की कपाटातल्या फायली पुन्हा लावतात. सगळं कपाट लावून झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी हसत हसत ताईचं नाव त्या सहलीतून काढलं. “जा. उतरायचं काय अवघड? दार उघडतं, लोक उतरतात.” भाऊजी हसले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण ताईचा चेहरा इतका उजळला होता की मी काही बोलले नाही.

पहिल्या दोन बंदरांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण आम्ही ती बघितलीच नाहीत. भाऊजी बघायला जात नव्हते, तपासायला जात होते. बसमध्ये सर्वांच्या आधी घुसून ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची, ताईची पर्स तिच्याकडून काढून घेऊन शेजारी ठेवायची, म्हणजे कुणी बसू नये. गाईड दोन वाक्यं बोलला की तिसरं हे बोलायचे. एका ठिकाणी कारंजं बंद होतं, तर वेबसाईटवर ते चालू दाखवलंय म्हणून त्यांनी गाईडला धारेवर धरलं. कोवळं पोर ते, त्याने काय करायचं? तेवढ्यात ताई एका दुकानाची खिडकी बघत उभी राहिली, तर तिला हाक मारून परत रांगेत आणलं. संध्याकाळी ते सहलीला तारे द्यायचे. पाचपैकी पाच कधीच नाहीत, कारण त्यांच्या मते पूर्ण मार्क दिले की माणूस बिघडतो.

तिसऱ्या बंदराच्या सकाळी ताई उजाडायच्या आत उठली. केस विंचरले, मोडले, पुन्हा विंचरले. मैत्रीण तिच्या मुलीला घेऊन धक्क्यावर येणार होती. आम्ही वर डेकवर आलो आणि बघतो तर धक्का कुठेच नाही. गाव लांब, आणि मध्ये नुसतं पाणी. त्या बंदरात मोठी बोट लागतच नव्हती. नांगर टाकून ती समुद्रातच उभी राहायची आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर न्यायचे. ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. ज्यांनी बोटीकडून सहल घेतली आहे त्यांनी थिएटरमध्ये जमावं, पहिल्या होड्या त्यांच्या. बाकीच्यांनी नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं. वारा वाढतो आहे, समुद्र खवळला तर होड्या बंद होतील.

ताईला मिळालेल्या चिठ्ठीवरचा नंबर मी बघितला. तिच्या आधी निम्मी बोट होती. ताई ती चिठ्ठी मुठीत धरून खुर्चीच्या कडेवर बसली. समोरच्या पांढऱ्या लाटांकडे बघत होती.

मी थिएटरमध्ये गेले. भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते, छातीवर गोल पिवळा स्टिकर. तो ज्याच्या छातीवर, त्याला होडीत जागा. माझा स्टिकर त्यांनी घेऊन ठेवला होता, तो माझ्या हातात दिला.

“भाऊजी, बोट किनाऱ्याला लागत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

“अर्थात. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय.”

“मग ताईला का नाही सांगितलंत?”

“तिने विचारलं नाही.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना लाज वाटत नव्हती. राग आला नव्हता, आनंदही झाला नव्हता. चुकीच्या बाकावर बसलेल्या मुलाचा पेपर कोरा राहिला तर पर्यवेक्षकाला काय वाटतं, तेवढंच त्यांना वाटत होतं. महिनोन्‌महिने त्या टेबलावर बसून या माणसाने खडा न् खडा माहिती काढली, आणि बायकोच्या उपयोगाची एकच होती, ती पोटात ठेवली. इतका क्षुद्र माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि लॉन्ड्रीत मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

मी तशीच उलटी फिरले, ताईला हाताला धरून आणलं आणि माझा स्टिकर तिच्या छातीवर चिकटवला.

“हे नियमात बसत नाही,” भाऊजी म्हणाले. “ती जागा तुझ्या नावावर आहे.”

“मग उठा आणि तक्रार करा.”

तेवढ्यात आमच्या गटाचा पुकारा झाला. तक्रार करायला गेले असते तर त्यांची रांगेतली जागा गेली असती. भाऊजींनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले. ताई त्यांच्या मागे उभी राहिली. जाताना तिने मागे वळून माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली.

त्यांच्या होडीनंतर आणखी दोन होड्या गेल्या आणि मग सगळं बंद झालं. चिठ्ठीवाल्यांपैकी एकही माणूस उतरला नाही. लोक काऊंटरवर जाऊन भांडत होते. मी डेकवर चहा घेऊन बसले. माझ्या वाटची गुहा बुडाली होती आणि मला कसं अगदी मोकळं वाटत होतं.

धक्क्यावरचं मला ताईने नंतर सांगितलं. होडीतून उतरल्या उतरल्या भाऊजी म्हणाले, तू या गटात आली आहेस, तर आता बसमध्ये चल, गाईड माणसं मोजणार, एक कमी भरलं की सगळ्यांचा खोळंबा. समोर रेलिंगला धरून मैत्रीण उभी होती. ताईने स्टिकर स्वतःच्या छातीवरून काढला आणि भाऊजींच्या शर्टावर, त्यांच्या स्टिकरशेजारी चिकटवला. “दोन माणसं तुम्हीच भरा,” म्हणाली आणि चालायला लागली.

आणि भाऊजींनी खरंच भरली. संध्याकाळी वारा पडल्यावर होड्या परत आल्या तेव्हा ते त्याच पांढऱ्याशुभ्र शर्टावर दोन पिवळे स्टिकर लावून पायऱ्या चढले. गाईडने मोजताना त्यांना दोन धरलं म्हणे. खाऊची पाकिटंही त्यांनी दोन मागून घेतली आणि दोन्ही संपवली. वर हे सगळं त्यांनी मला मोठ्या ऐटीत सांगितलं, जणू त्यांनीच कुणाला तरी चकवलं होतं.

ताई शेवटच्या होडीने आली. रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं एका टेबलावर बसलो. भाऊजींनी तळ्यापासून सुरुवात केली. तळं डावीकडून बघायचं असतं, लोक उजवीकडे गर्दी करतात, अडाणी लोक. निळा दिवा लागला तेव्हा एक बाई खोकली, नाहीतर चार तारे दिले असते. मैत्रिणीचं त्यांनी नावही काढलं नाही. शेवटी मीच विचारलं.

ताईने काटा खाली ठेवला. “समोर उभी राहिले तर तिला मी दिसतच नव्हते गं. मान वळवून कडेने बघायची. मला खिडकीपाशी बसवलं, मग दारात, मग अंगणात खुर्ची टाकून. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. तुकड्या तुकड्याने बघितलं मला. म्हणाली, तशीच आहेस तू. मी म्हटलं, खोटं बोलतेस. तर म्हणते, मला दिसतंय तेवढ्यात तशीच आहेस, उरलेलं मी कशाला बघू?”

माझे डोळे भरून आले. भाऊजी पावाला लोणी लावत होते.

“पुढच्या वर्षीची बोट उत्तरेकडची घेऊ,” ते म्हणाले. “तिथल्या सहली आतापासूनच बघायला हव्यात.”

“पुढच्या वर्षी मी नाही,” ताई म्हणाली. “परत गेलो की सामान भरते आणि तिच्याकडे जाते राहायला. तिला दिसतंय तोवर राहीन. नंतरही राहीन, तेव्हा तर जास्तच लागेन मी तिला.”

भाऊजींचा लोण्याचा हात थांबला. त्यांनी ताईकडे नीट बघितलं. त्या प्रवासात त्यांनी कुठलीही गोष्ट इतका वेळ बघितलेली मला आठवत नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

“अगं, पण एकट्या माणसाला केबिन दोघांच्या भावात पडते,” ते म्हणाले.

कुणी म्हणेल, हे त्यांच्या परीने तिला थांब म्हणणं होतं. मला तसं वाटत नाही. ताईला काय वाटलं ते मी तिला कधी विचारलं नाही. तिने लोण्याची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “मग तेवढे द्या.”